शिक्षिका-मातेचे उन्हाळी वाचन
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच झाला. त्यांस उपदेश करावा अशी चिटणीसांची अपेक्षा असावी. परंतु मुलांस उपदेश करण्यात आमची सारी नोकरी गेली, आता निवृत्तीनंतर थोडा उपदेश वडीलधाऱ्यांस करावा असे मनात आहे. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिक आणि त्यावर अध्यापक विद्यालयाची दोन वर्षे, एवढेच. तेव्हा पांडित्याची अपेक्षा ठेवू नये. आम्ही बोलणार आहोत ते आपल्या घरातील शिक्षिका असलेल्या सुनांविषयी व लेकींविषयी, आणि त्यांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीविषयी.

मंडळाची वधूवर नोंदवही पाहण्याचे काम काही काळ आमच्याकडे होते. 'अपेक्षा' या रकान्यात 'नोकरी करणारी. शिक्षिका असल्यास प्राधान्य' हा मजकूर इतक्या वेळा आढळला की, त्याचा शिक्का करून घेतला असता तर शाई वाचली असती. शिक्षिकेसच प्राधान्य का, असे आम्ही एका वरपित्यास विचारले. त्यांनी मोकळेपणाने सांगितले, "गुरुजी, शाळा सुटते लवकर. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी. घर सांभाळून पगार येतो." ते गृहस्थ सज्जन आहेत. त्यांनी जे सांगितले तेच पुष्कळांच्या मनात असते. मात्र या हिशेबात मुलीची सुट्टी लग्नाआधीच सासरच्या खात्यावर जमा झालेली असते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्या सुट्टीचे पुढे काय होते ते पाहू. एक मे रोजी निकाल लागतो आणि शाळेस कुलूप पडते. आपल्या सोलापुरात त्या वेळी पारा बेचाळीस अंशांच्या आसपास घुटमळत असतो. शेवया, कुरडया, सालपापड्या, सांडगे ही वाळवणे त्याच दिवसांत होतात, कारण ऊन फुकट मिळते. लग्नतिथीही त्याच दिवसांत. नणंदांची मुले आजोळी येतात तीही तेव्हाच. नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी हंडे, पिंपे, टाकी भरणे हाच दिवसाचा मुख्य कार्यक्रम. "बाई घरीच आहेत" या तीन शब्दांच्या बळावर ही सारी कामे एका ठिकाणी येऊन बसतात. भरीस सरकारी कामे आहेतच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांस शिक्षणबाह्य कामे देऊ नयेत असे म्हटले आहे, आणि त्याच कलमात जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांचा अपवाद ठेवला आहे. अपवाद एवढे भरघोस की मूळ नियम त्यांच्या आड दिसेनासा व्हावा! जूनच्या मध्यास शाळा उघडते, आणि बाई जशी मे महिन्यात शिरली होती तशीच, किंबहुना थोडी अधिक दमून, वर्गावर उभी राहते.

या सर्वांत तिने वाचावे केव्हा, हा आमचा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न आता निव्वळ हौसेचा राहिलेला नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, पहिली ते आठवीस शिकविणाऱ्या व ज्यांच्या निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे अशा शिक्षकांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाली पाहिजे. न झाल्यास नोकरीस मुकावे लागेल. अल्पसंख्याकांच्या संस्थांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपविला. या निर्णयाने पंधरा-वीस वर्षे शिकवीत आलेल्या किती तरी भगिनींच्या हाती पुन्हा मार्गदर्शकांचे जाडजूड ग्रंथ आले. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, खुल्या प्रवर्गास साठ टक्के गुणांची अट. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित व परिसर अभ्यास यांस प्रत्येकी तीस गुण. परीक्षा असू नये असे आमचे म्हणणे नाही. ज्याने दुसऱ्याच्या मुलांची परीक्षा घ्यावयाची त्याने परीक्षेस भिऊ नये. परंतु ज्या घराने सुट्टी सालपापड्यांच्या नावे लिहून घेतली, त्याच घरास सुनेच्या नोकरीचा घोर लागला आहे, हा योग पाहण्यासारखा आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. परीक्षेचे वाचन निराळे आणि आपल्या वर्गासाठी केलेले वाचन निराळे. पियाजे या स्विस पंडिताने मुलाच्या बुद्धीच्या वाढीच्या पायऱ्या सांगितल्या. परीक्षार्थी त्या चार पर्यायांतून एक ओळखण्यापुरत्या वाचतो. तीच पाने एखादी आई-शिक्षिका वाचील तर तिच्यासमोर स्वतःचे मूल आणि वर्गातील पस्तीस मुले अशी छत्तीस उदाहरणे उभी राहतील. अशा वाचनातून काय निपजते याचा एक मोठा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. तो तरुण भगिनींस फारसा ठाऊक नसतो, म्हणून थोडा सविस्तर सांगतो.

ताराबाई मोडक यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. माहेर केळकरांचे, वळण प्रार्थनासमाजाचे. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. मुली चौथीपर्यंत शिकल्या तरी पुष्कळ असे मानण्याचा तो काळ. पुढील वर्षी विवाह होऊन त्या अमरावतीस गेल्या. संसार सुखाचा झाला नाही. १९२१ साली त्या पतीपासून दूर, राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होऊन गेल्या. पदरी प्रभा नावाची लहान मुलगी होती. परका प्रांत, परकी भाषा, अधिकाराची नोकरी आणि सोबत लहान मूल. आजच्या कोणत्याही नोकरदार मातेने ओळखावी अशीच ही स्थिती. फरक एवढाच की त्या वेळी सोबतीस दुसरी कोणी नव्हती.

त्याच सुमारास तेथून जवळ भावनगरास गिजुभाई बधेका हे गृहस्थ दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर चालवीत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःस मुलगा झाला तेव्हा त्यास कसे वाढवावे म्हणून ते वाचू लागले, आणि मॉन्टेसरीबाईंच्या ग्रंथांपाशी येऊन वकिलीस कायमचे मुकले. (वडिलांनीही बालसंगोपनावर वाचावयाचे असते, हे या ठिकाणी पुरुषवर्गाने टिपून घ्यावे.) ताराबाईंस या नव्या शिक्षणाची ओढ लागली. त्यांनी प्राचार्यपदाची मानाची नोकरी सोडली आणि १९२३ साली त्या भावनगरास गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ साली दादरला शिशुविहार उभे राहिले. पुढे वयाची पन्नाशी उलटल्यावर, शहरातील सुस्थित मुलांची सोय झाली, आता खेड्यातील मुलांचे काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःस घातला आणि १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. तेथे त्यांस अनुताई वाघ येऊन मिळाल्या. बालवैधव्य पदरी आलेली ही स्त्री पुढे त्यांचे कार्य जन्मभर चालवीत राहिली. १९५७ साली हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले.

कोसबाडास वारल्यांची मुले शाळेत येत ना. येणार कशी? कोणी गुरे राखी, कोणी धाकटे भावंड कडेवर घेऊन बसे. तेव्हा या बायकांनी पाड्यावर, घरांच्या अंगणात बालवाडी भरविली, तिचे नाव अंगणवाडी. गुरे चरतात त्या माळावर वर्ग भरविला, तिचे नाव कुरणशाळा. मूल शाळेत येत नाही, तर शाळेने मुलाकडे जावे, इतका साधा हा विचार. १९७५ साली २ ऑक्टोबर रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आपल्या गल्लीतील अंगणवाडीची पाटी वाचताना तिचा उगम राजकोटच्या एका तरुण आईने घेतलेल्या ध्यासात आहे, हे कोणास आठवते? ताराबाईंस १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या.

आता आपल्या शहराकडे येऊ. आपल्याच समाजातील एक भगिनी दक्षिण सोलापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविते. दोन मुले, सासूसासरे, पती खाजगी नोकरीत. नाव सांगू नये ही तिची अट आहे आणि आम्ही ती पाळणार आहोत. एका उन्हाळ्यात तिने हट्टाने रोज दीड तास वाचनाचा ठेवला. पहाटे पाच ते साडेसहा, गच्चीवर, ऊन तापण्यापूर्वी. पाण्याचा दिवस आला की तेवढा खाडा. हिराचंद नेमचंद वाचनालयातून पुस्तके आणली. ताराबाईंचे चरित्र वाचले, अनुताईंचे आत्मकथन वाचले, गिजुभाईंचे 'दिवास्वप्न' वाचले आणि जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' मराठीतून वाचले. वाचता वाचता एका वहीत टिपणे केली. ती वही तिने आम्हांस पाहावयास दिली. पूर्वीचे शिक्षक म्हणून आम्ही प्रथम हस्ताक्षर पाहिले. ते बरे आहे.

पहिले टिपण एका मुलीविषयी होते. तिच्या वर्गात विडी कामगारांच्या घरची मुले पुष्कळ. घरी तेलुगू, शाळेत मराठी. तेलंगणातून विणकरीसाठी आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी आपल्या शहराचा चादरीचा लौकिक विणला. त्यांच्या स्त्रियांनी विड्या वळल्या. कुंभारीजवळ विडी कामगार स्त्रियांसाठी जी दहा हजार घरांची वसाहत झाली तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. १९४५ साली ज्या वारली मुलुखात ताराबाई पाटी-पेन्सिल घेऊन गेल्या, त्याच सुमारास त्याच मुलुखात गोदूताई वेठबिगारीविरुद्ध उभ्या होत्या, हेही या भगिनीस त्याच वाचनात कळले. असो. तर पहिलीतील ती मुलगी दिवाळीपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. बाईंनी तिच्या नावापुढे 'मंद' असे मनात लिहून टाकले होते. कुरणशाळेचे प्रकरण वाचल्यावर तिने वहीत लिहिले की, आपण मराठी शिकवितो खरे, परंतु ते या मुलीच्या भाषेवरून चालत जाऊन शिकविले पाहिजे. ती आपल्याकडे चालत येण्याची वाट पाहिली, तेथे घोटाळा झाला. मग तिने शेजारच्या एका विडी वळणाऱ्या बाईकडून शाळेत लागतील असे तीस तेलुगू शब्द मागून घेतले. रा म्हणजे ये, कूर्चो म्हणजे बैस, नीळ्ळु म्हणजे पाणी, इल्लु म्हणजे घर. देवनागरीत लिहून पाठ केले. त्यासाठी शासनाचा कोणताही प्रशिक्षण वर्ग लागला नाही.

दुसरे टिपण 'तोत्तोचान'वरचे. टोकियोच्या तोमोए शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी यांनी नव्या आलेल्या लहान मुलीस पहिल्या दिवशी समोर बसवून चार तास तिचे बोलणे ऐकून घेतले, अशी त्यात हकीकत आहे. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी ती शाळा १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाली. आमच्या भगिनीने हिशेब मांडला: छत्तीस मुले, प्रत्येकास दहा मिनिटे, एकूण सहा तास. पहिल्या पंधरवड्यात रोज चार मुले घेतली तर नऊ दिवसांत होतात. खाली तिने लिहिले होते, "आधार कार्डांची माहिती, पोषण आहाराची नोंद आणि साहेबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरची छायाचित्रे यांतून उरलेल्या वेळात." आम्ही हसलो, परंतु हसून झाल्यावर तो हिशेब पुन्हा एकदा तपासला. बरोबर आहे.

'दिवास्वप्ना'तील तिला सर्वांत आवडलेला भाग कोणता असावा? त्यातील शिक्षक मोठ्या उमेदीने पहिल्या दिवशी वर्गात शांततेचा खेळ घेतो आणि मुले असा गोंधळ घालतात की त्याची फजिती होते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो तेव्हा कोठे मुले जवळ येतात. तिने लिहिले की, आदर्श शिक्षकांच्या पुष्कळ कथा वाचल्या, पण ज्याची पहिल्याच दिवशी फजिती होते असा आदर्श पहिल्याने भेटला आणि धीर आला.

तिसरे टिपण वाचून मात्र आम्ही वही काही वेळ मिटून ठेवली. ती वाचीत बसलेली असता तिची धाकटी मुलगी येऊन पुस्तकावर हात ठेवी आणि म्हणे, "आई, तुझी तर सुट्टी आहे ना?" वर्षभर दुसऱ्यांच्या मुलांस दिलेली आई सुट्टीत तरी आपल्या वाट्यास यावी, ही त्या लेकराची मागणी अवाजवी नाही. आईच्या मनास तेथे डागणी बसते. मॉन्टेसरीबाईंनी जगातील मातांस मूल कसे पाहावे हे शिकविले, परंतु त्यांचा स्वतःचा मुलगा मारिओ लहानपणी दुसऱ्यांच्या घरी वाढला. काळच तसा होता. मोठा झाल्यावर तोच आईच्या कार्यात उजवा हात झाला. हा तपशील त्या भगिनीने वहीत उतरवून त्याखाली एकही शब्द लिहिला नव्हता. पुढील पानावर मात्र असे होते की, पहाटेचे वाचन आपले. आणि दुपारी जेवणानंतर अर्धा तास मुलीस शेजारी घेऊन मोठ्याने वाचावयाचे. पुस्तक मुलीने निवडावयाचे. मुलीने एकच गोष्ट अकरा दिवस वाचावयास लावली.

आणि त्यातूनच तो अवघड प्रश्न निघाला. तिची स्वतःची मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहेत. ती मराठी शाळेत शिकविते आणि तिची मुले मराठी पुस्तक अडखळत वाचतात. तिने लिहिले आहे, "मी ज्या शाळेस दुसऱ्यांची मुले आणण्यासाठी दारोदार फिरते तेथे माझी मुले का नाहीत, असे एका पालकाने विचारले. मजजवळ उत्तर नव्हते." हा निर्णय तिच्या एकटीचा नव्हता, घरच्या बैठकीत झाला होता, आणि त्या बैठकीत शिक्षणाविषयी सर्वांत जास्त जाणणारी व्यक्ती चहा करीत होती. आमचे मत विचाराल तर मूल आपल्या भाषेत शिकावे. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांस २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम इतर अंतिम स्पर्धकांस वाटून दिली, तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले. पेढे वाटणाऱ्यांपैकी किती जणांची नातवंडे जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत आहेत, हे येथे हात वर करून विचारण्याचे आम्ही टाळतो. परंतु आमच्या मताहून त्या शिक्षिकेच्या मताचे मोल अधिक आहे, आणि घराने ते विचारले पाहिजे.

कोणी म्हणेल, पूर्वीच्या स्त्रियांनी काय सुट्टी घेऊन वाचले? रमाबाई रानडे यांनी घरातील बायकांची बोलणी सोसून रात्री अभ्यास केला, लक्ष्मीबाई टिळकांचे सारे शिक्षण संसाराच्या धबडग्यात झाले. खरे आहे. परंतु सोसणाऱ्यांचा गौरव करताना त्यांस सोसावयास लावणाऱ्यांची बाजू आपण घेऊ नये. रमाबाईंना बोलणी ऐकवणाऱ्या त्या बायकांची नावे आज कोण घेतो?

आता मागणे. आम्ही मंडळासमोर एक व घरोघरच्या वडील मंडळींसमोर एक, अशा दोन गोष्टी मांडतो. घरच्यांनी उन्हाळ्यात शिक्षिका सुनेस वा लेकीस दिवसाचे दोन तास मोकळे द्यावेत. त्या वेळेत तिला पाणी भरण्यास, पाहुण्यास सरबत देण्यास अथवा गॅसवरचे दूध पाहण्यास हाक मारू नये. दूध पुरुषांनाही दिसते. कुरडया, शेवया कमी पडतील तर बचत गटांच्या भगिनी उत्तम करून देतात. त्यांचाही संसार चालेल. घरोघरी वाळवणे घालण्यात जी गंमत होती ती चार जणी मिळून करण्यात होती. एकटीने गच्चीवर उन्हात वाकून करण्यात कसलीही गंमत नाही. सासूबाईंस वाईट वाटेल, तर त्यांनी सुनेजवळ बसून वाचलेले ऐकावे. आमच्या माहितीतील एका सासूबाईंनी 'स्मृतिचित्रे' असे ऐकून संपविले आणि पुढचे पुस्तक मागितले.

मंडळाकडे मागणे असे की, आपल्या कार्यालयाचे मागचे दालन लग्नतिथी सोडून इतर दिवशी दुपारी रिकामे असते. तेथे पंखा आहे, पाण्याची टाकी आहे. शिक्षिका भगिनींनी तेथे येऊन वाचावे, पात्रता परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनी एकमेकींस गणित व भाषा समजावून द्यावी, आणि त्यांची मुले शेजारच्या ओटीवर खेळावीत. मुलांकडे पाहण्यास निवृत्त मंडळींनी पाळीपाळीने यावे. पहिल्या आठवड्याची पाळी आम्ही घेतो. मुलांस गोष्टी सांगण्याची सवय अजून गेलेली नाही. पुस्तकांसाठी एक कपाट लागेल. वर सांगितलेली पुस्तके आम्ही स्वतःच्या संग्रहातून देत आहोत, फक्त 'दिवास्वप्ना'ची प्रत जीर्ण आहे, ती कोणी बांधून आणावी. यंदा शाळा उघडण्यास अजून तीन आठवडे आहेत. वेळ दुपारी दोन ते पाच. किल्ली चिटणीसांकडे राहील, आणि ज्या भगिनींस यावयाचे असेल त्यांनी आजच, भोजनापूर्वी, दाराजवळच्या टेबलावर नाव नोंदवावे.